पेटंटच्या एका वाक्यामागचं जीवशास्त्र

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची रबाळे, महापे, तुर्भे ही नावं बहुतेकांच्या मनात कारखान्यांशी जोडलेली आहेत. रसायनं, औषधाच्या गोळ्या, यंत्रांचे सुटे भाग हा तिथला जुना माल. गेल्या दोन दशकांत त्यात निराळ्या मालाची भर पडली. रबाळ्याच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसमध्ये जिवंत पेशी वाढवून त्यांच्याकडून औषधी प्रथिनं तयार करून घेतात. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. भारतात घडवलेला पहिला कार-टी उपचार जून २०२१ मध्ये तिथल्या रुग्णाला दिला गेला. हा उपचार आयआयटी मुंबईतल्या प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आला, इम्युनोॲक्ट या कंपनीने नवी मुंबईत त्याचं उत्पादन उभं केलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार-१९’ या नावाने तो रुग्णांसाठी खुला झाला. अमेरिकेत २०१७ साली या प्रकारचा पहिला उपचार बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवली होती. भारतातला उपचार त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात होतो.

अशा औषधात पेटंट नेमकं कशावर मिळतं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. कार-टीमध्ये रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्या पेशींत एक नवं जनुक घालतात, पेशी वाढवतात आणि त्याच रुग्णाला परत देतात. नव्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन तयार होतं आणि ते कर्करोगग्रस्त बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखतं. आता यातल्या एकेका गोष्टीकडे कायद्याच्या नजरेने पाहा. टी-पेशी रुग्णाच्या स्वतःच्या आहेत, आणि प्राण्याचा कोणताही भाग पेटंटयोग्य नाही असं भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(जे) सांगतं. सीडी-१९ निसर्गातच आहे, म्हणजे कलम ३(सी) आडवं येतं. डॉक्टर रुग्णावर जो उपचार करतो त्याला कलम ३(आय) पेटंट देऊ देत नाही. उरतं ते माणसाने जुळवून बनवलेलं: त्या प्रथिनाची रचना, ते घडवणारा जनुकीय क्रम, तो पेशीत नेणारा वाहक आणि हे सगळं कारखान्यात दर वेळी सारखं घडवून आणण्याची प्रक्रिया. या उरलेल्या भागाचं वर्णन पेटंटच्या अर्जात शेवटी क्रमांक घातलेल्या दाव्यांत येतं. प्रत्येक दावा रिवाजाने एकाच वाक्यात लिहितात, मग ते वाक्य कितीही लांबो. सातबाऱ्याच्या जमिनीला जशी चतुःसीमा, तशी शोधाला दाव्याची. वाक्याच्या आत जे येतं त्यावर वीस वर्षं एकाची मक्तेदारी, बाहेर राहतं ते सर्वांचं.

ही सीमा आखण्याचं, आणि दुसऱ्याने आखलेली तपासण्याचं काम जैवतंत्रज्ञानातले पेटंट वकील करतात. माझं म्हणणं असं की जीवशास्त्र आतून कळणं हा या कामाचा गाभा आहे. ते अर्धवट कळलं तर त्याचा फटका त्या अशिलापुरता थांबत नाही. रुग्ण, शेतकरी आणि पुढचे संशोधक हे सगळे तो सोसतात. आपल्या कायद्यानेही हे ओळखलेलं आहे. पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे पेटंट एजंट म्हणून नोंदणी हवी असेल तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. वर्षानुवर्षं कोर्टात उभा राहिलेला, पण विज्ञानाची पदवी नसलेला वकील पेटंट एजंट होऊ शकत नाही. उलट कायद्याची पदवी नसलेला सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर पात्रता परीक्षा देऊन होऊ शकतो. या परीक्षेत एक भाग कायद्याच्या ज्ञानाचा, तर दुसरा प्रत्यक्ष मसुदा लिहिण्याचा असतो. आपल्याकडे सर्रास ज्यांना पेटंट ॲटर्नी म्हणतात ते बहुधा हे पेटंट एजंटच असतात. त्यांतल्या काहींनी पुढे कायद्याची पदवीही घेतलेली असते. जैवतंत्रज्ञानाच्या कामात तर पीएच.डी. झालेले, प्रयोगशाळेत काही वर्षं काढलेले लोकच सहसा दिसतात.

प्रयोगशाळेतला हा अनुभव कुठे लागतो, ते एक दावा जवळून पाहिला की कळतं. कार-टीच्या त्या प्रथिनातला प्रतिपिंडाचा जो तुकडा सीडी-१९ ओळखतो तो सुमारे २४० अमिनो आम्लांच्या साखळीचा असतो. अर्जात तो क्रम अक्षरागणिक द्यावा लागतो. पण केवळ तेवढ्याच क्रमावर दावा केला तर प्रतिस्पर्धी एखाददुसरं अमिनो आम्ल बदलून बाजूला होईल. म्हणून मसुद्यात बरेचदा लिहितात, ‘या क्रमाशी किमान ९० टक्के साम्य असलेलं प्रथिन’. वाचायला हे वाक्य माफक वाटतं. हिशेब केला की त्याचा आवाका कळतो. २४० च्या साखळीत १० टक्के सूट म्हणजे २४ जागी बदल चालतील, आणि प्रत्येक जागी उरलेल्या १९ अमिनो आम्लांपैकी कोणतंही एक बसू शकेल. अशा साखळ्यांची संख्या एकावर साठाहून जास्त शून्यं एवढी होते. त्यातली एखादी तरी प्रत्यक्ष बनवून, सीडी-१९ला चिकटते का हे पाहिलंय का? खूण ओळखण्याचं काम मुख्यतः साखळीतले सहा छोटे पट्टे करतात. तिथला एक चुकीचा बदल सगळी पकड घालवू शकतो, तर इतरत्र दहा बदल झाले तरी फारसं बिघडत नाही. हे ज्याला माहीत आहे तो मसुदा लिहिताना सांगतो की सहा पट्टे जसेच्या तसे ठेवू, सूट फक्त बाकीच्या सांगाड्यात मागू. आणि तोच माणूस विरोधी बाजूला बसला तर नेमकं विचारतो की तुम्ही किती प्रकार बनवले, त्यातले किती चालले.

या प्रश्नाला जगातल्या सर्वांत मोठ्या औषधबाजारात काय वजन आहे ते १८ मे २०२३ रोजी दिसलं. ॲमजेन विरुद्ध सनोफी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ॲमजेनचे दावे रद्द ठरवले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या प्रतिपिंडांचा हा वाद होता. ॲमजेनने २६ प्रतिपिंडांचे क्रम दिले होते आणि मागणी मात्र पीसीएसके-९ या प्रथिनावरच्या ठरावीक जागी चिकटून त्याचं काम रोखणाऱ्या सर्वच प्रतिपिंडांवर केली होती. बाकीचे कसे शोधायचे याची अर्जात सांगितलेली रीत म्हणजे दुसऱ्याला करून बघा, चुका आणि सुधारा असं सांगण्यापलीकडे फारसं काही नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. न्यायाधीशांनी निकाल कायद्याच्या भाषेत दिला, पण तो पूर्णपणे प्रतिपिंडांच्या जीवशास्त्रावर उभा आहे. असा दावा अर्जाच्या पातळीवरच आखडता घेतला असता तर एवढी वर्षं कोर्टात गेली नसती, आणि त्या काळात इतरांना मोकळेपणाने संशोधन करता आलं असतं.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. वकिलाला सगळं कशाला कळायला हवं? खुनाच्या खटल्यात तो शवविच्छेदन करत नाही, तज्ज्ञाची साक्ष काढतो. पेटंटमध्येही तज्ज्ञ बोलवावा. आक्षेपाला आधार आहे, आणि महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांशी थेट संबंध असलेला एक खटला त्याच्या बाजूने उभा करता येतो. बीटी कापसाच्या तंत्रज्ञानावर मोन्सँटोचं भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६ होतं. जालन्याच्या महिकोच्या भागीदारीतून ते तंत्रज्ञान इथे आलं आणि २००२ साली बीटी कापसाला मंजुरी मिळाली. पुढे नुजिवीडू सीड्सशी झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये ते पेटंट अवैध ठरवलं. जनुक एकदा बियाण्यात गेलं की ते बियाण्याचाच भाग, आणि बियाणं तर कलम ३(जे) मध्ये वगळलेलं, असा त्यामागचा विचार. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला. प्रयोगशाळेत रचलेला जनुकीय क्रम, तो वनस्पतीत घालण्याची रीत आणि त्यापुढे बियाण्यात होणारं त्याचं संक्रमण हे गुंतागुंतीचे प्रश्न तज्ज्ञांचा पुरावा न घेता झटपट निकाली काढता येणार नाहीत, म्हणून रीतसर सुनावणी घ्या, असा आदेश झाला. नंतर दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि मूळ प्रश्नाचं उत्तर अधांतरी राहिलं. बोलवा तज्ज्ञ, असं सर्वोच्च न्यायालयच म्हणतं, तर वकिलाने जीवशास्त्र शिकण्याचा अट्टहास का?

कारण तज्ज्ञ साक्षीला येतो तेव्हा दावा लिहून होऊन पंधरा-वीस वर्षं लोटलेली असतात. मोन्सँटोच्या त्या पेटंटमधले २५ ते २७ हे दावे जनुकीय क्रमाचे होते आणि सगळा वाद त्या तीन वाक्यांत नेमकं काय येतं यावर फिरला. प्रयोगशाळेतला क्रम कुठे संपतो आणि रोप कुठे सुरू होतं, ही रेघ अर्ज करतानाच स्वच्छ असती तर बियाणे कंपनी आणि शेतकरी दोघांनाही आपण कुठे उभे आहोत हे आधी कळलं असतं. साक्षीदार लिहिलेल्या वाक्याचा अर्थ सांगू शकतो, वाक्य बदलू शकत नाही. शिवाय तज्ज्ञाला विचारायचं काय, हे ठरवायलाही विषय यावा लागतो. प्रतिपिंडाच्या सहा पट्ट्यांबद्दल ज्याने कधी ऐकलेलंच नाही तो त्याबद्दल प्रश्न विचारणार कसा?

याहून साधी उदाहरणंही आहेत, आणि भारतीय संशोधकांची खरी हानी बहुधा त्यातच होते. मातीतून नवा जिवाणू शोधला आणि त्याच्याकडून उपयोगी विकर मिळवलं, तर तो जिवाणू शब्दांत पूर्ण उतरवता येत नाही. म्हणून कायदा म्हणतो की तो मान्य संग्रहालयात जमा करा आणि त्याचा क्रमांक अर्जात द्या. अशा जमा नमुन्यांविषयीच्या बुडापेस्ट करारात भारत २००१ साली सामील झाला. चंदीगडच्या संग्रहानंतर २०११ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या सूक्ष्मजीव संग्रहालाही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, त्यामुळे मुंबई-नवी मुंबईच्या संशोधकाला आता नमुना फार लांब पाठवावा लागत नाही. जमा केलेला नमुना किमान ३० वर्षं जपला जातो. तो भारतात कुठून घेतला हेही अर्जात सांगावं लागतं. लपवलं तर त्याच कारणावरून पेटंट रद्द होऊ शकतं. जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी व्यवहार करावा लागतो तो वेगळाच. हे सगळं अर्जाच्या आधी सुचावं लागतं. ते ज्याला सुचतं त्याने कधीतरी पेट्री डिश हाताळलेली असते, वसाहत मेली की महिन्याचं काम जातं हे त्याला ठाऊक असतं.

वाचनाची बाजूही तितकीच वजनदार आहे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या उपायावर अमेरिकी पेटंट मिळालं. आपल्याकडे संताप झाला आणि तो समजण्यासारखा होता, कारण घराघरात कापलं-खरचटलं की हळद दाबली जाते. पण घराघरात माहीत असणं हा पेटंट कार्यालयापुढे पुरावा होत नाही. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्या संस्थेने १९९६ साली पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंतचे लेखी दाखले पुढे ठेवले. १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने दावे नाकारले. ते दाखले दाव्याच्या शब्दांना तंतोतंत भिडले म्हणून हे जमलं. जुन्या ग्रंथातला लेप आणि दाव्यातली जखमेवर लावायची भुकटी ही एकच गोष्ट आहे, हे कोणाला तरी वैज्ञानिक भाषेत दाखवावं लागलं.

सर्वांत गंभीर आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. हे कौशल्य ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या दारी जातं आणि त्याचा उपयोग औषधं महाग ठेवायला होतो, असं आरोग्य चळवळीतले लोक म्हणतात. ते खरं आहे, आणि ते झाकून माझं म्हणणं पुढे रेटता येणार नाही. जुन्याच औषधाचा नवा क्षार, नवी मात्रा, नवं मिश्रण करून मक्तेदारी लांबवणारे दावे अडाणी लोक लिहीत नाहीत. उत्तम शिकलेले शास्त्रज्ञच ते लिहितात. विज्ञानाची पदवी प्रामाणिकपणाची हमी देत नाही. म्हणूनच ते ज्ञान दोन्ही बाजूंना असावं लागतं. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनचं उदाहरण घ्या. हे जैविक औषध नव्हे, साधा रासायनिक रेणू आहे, पण मुद्दा तोच. जॉन्सन अँड जॉन्सनच्या जानसेनने त्याच्या फ्युमरेट क्षारावर दुसरं पेटंट मागितलं. ते मिळतं तर मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपल्यावरही मक्तेदारी आणखी काही वर्षं चालू राहिली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी २०१९ मध्ये त्याला विरोध दाखल केला. क्षयरोगाच्या जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने जानसेनचा अर्ज फेटाळला. दोघींच्या सोसण्याबद्दल सगळ्यांनाच सहानुभूती होती, तरी अर्ज फेटाळायला कारण लागलं ते रसायनशास्त्राचं. रेणू आधीच माहीत होता, आणि त्याचा असा क्षार करणं त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचण्यासारखं होतं. हे मांडणारा जाणकार त्यांच्या बाजूला नसता तर अनुभव कितीही दाहक असला तरी तो फाइलमध्येच राहिला असता.

म्हणून आक्षेपाचं उत्तर हे कौशल्य कमी करण्यात नाही. ते रुग्ण संघटनांकडे, शेतकरी गटांकडे, विद्यापीठांकडे आणि अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातल्या पेटंट परीक्षकांकडेही तितकंच असलं पाहिजे. मंजुरीपूर्वी कोणालाही विरोध करता येईल, अशी सोय आपल्या कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. बऱ्याच देशांत ती नाही. पण तिचा उपयोग करायला दावा वाचता येणारी माणसं लागतात, आणि ती फुकट किंवा परवडणाऱ्या दरात मिळाली पाहिजेत. सरकारने संशोधनाला अनुदान देताना थोडा पैसा या वाचणाऱ्यांसाठीही बाजूला काढावा, असं मला ठामपणे वाटतं. नव्या शोधयंत्रांनी हे काम हलकं होईल असंही काही जण म्हणतात. क्रमांची जुळणी यंत्रं नक्कीच भराभर करतात. ‘९० टक्के साम्य’ मागावं की नाही, हा निर्णय मात्र कोणत्या प्रथिनाचा कुठला भाग काम करतो आणि कोणावर त्याचा काय परिणाम होईल, यावर अवलंबून आहे. त्याची जबाबदारी सही करणाऱ्या माणसाचीच असते.

नवी मुंबईपुरतं बोलायचं तर इथे या कामाची मुळं रुजायला जागा आहे. बेलापूरला डी. वाय. पाटील विद्यापीठाची जैवतंत्रज्ञान आणि जैवमाहितीशास्त्राची शाखा आहे, खारघरला ॲक्ट्रेक आहे, रबाळे-महापे पट्ट्यात जैविक औषधांचे कारखाने आहेत, आणि पेटंटचं मुंबई कार्यालय हार्बर मार्गाच्या आवाक्यात. उणीव आहे ती क्रमाची. आपल्याकडे विद्यार्थी आधी परिषदेत भित्तिपत्रक लावतो, मग शोधनिबंध छापतो, मग प्रबंध सादर करतो आणि त्यानंतर कोणीतरी पेटंटचा विषय काढतं. तोवर उशीर झालेला असतो. शोध एकदा जगापुढे आला की त्याचं नावीन्य संपतं. कायद्यातल्या सवलती तुटपुंज्या आहेत. विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची मुभा आहे, पण एरवीच्या नियतकालिकाला ती सरसकट लागू होत नाही आणि युरोपात तर तिचा आधारच नाही. तात्पुरता अर्ज दाखल करून ठेवला तर निबंध दुसऱ्या दिवशी छापायला हरकत नाही, आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने हातात राहतात. शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात २०२१ पासून ८० टक्के सूट आहे, तेव्हा खर्चाची सबब टिकत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी, पहिलं भित्तिपत्रक छापायला जाण्याआधी, दावा वाचू शकणाऱ्या जीवशास्त्रज्ञासमोर तासभर बसवायचं एवढंच विद्यापीठाला करावं लागेल. अशा दहा बैठकांतल्या आठांत उत्तर ‘यात पेटंट करण्यासारखं काही नाही, खुशाल छापा’ असं आलं तरी ते उत्तर वेळेवर मिळायला हवं.